एडविन बूथचा 'हॅम्लेट', न्यूयॉर्क १८६४: तालीम, नकला आणि गॅसचा उजेड याबद्दल माहिती हवी आहे

अंक_दुसरा:
नमस्कार मंडळी. एका दीर्घांकाचं लेखन सुरू आहे. जागा न्यूयॉर्कचं विंटर गार्डन थिएटर, मध्यवर्ती पात्र अमेरिकी नट एडविन बूथ. त्याने २६ नोव्हेंबर १८६४ ते २२ मार्च १८६५ असे 'हॅम्लेट'चे सलग शंभर प्रयोग केले, तो हा काळ. तालमीचे दोन प्रवेश आहेत आणि एका प्रवेशात प्रत्यक्ष 'हॅम्लेट' चालू असताना विंगेतून दिसतं.

अडलेलं असं: तालमीत नटांच्या हातात काय असायचं, छापील संहिता की आणखी काही? तालमी किती होत? उजेडासाठी सगळीकडे पिवळा जेल (दिव्यापुढे लावायचा रंगीत पारदर्शक कागद) लावला तर चालेल का, आणि लाइमलाइट म्हणजे आजचा फॉलो स्पॉटच का? शेवटचं म्हणजे, त्या काळचा अभिनय फार 'ओव्हर' होता असं वाचायला मिळतं. नटांना तसंच करायला सांगू का?

तिसरी_घंटा:
पहिल्या प्रश्नापुरतं आधी. नटांच्या हातात पूर्ण संहिता देऊ नका, नाहीतर प्रवेश तिथेच खोटा पडेल. त्यांच्याकडे असायची ती नक्कल. आपल्या संगीत नाटक मंडळ्यांत 'नक्कल पाठ झाली का' असं विचारत, अगदी त्याच अर्थाने. अमेरिकेत तिला 'साइड' म्हणत. पूर्ण प्रत एकच, ती प्रॉम्प्टरजवळ.

नक्कल अशी उतरवायची: आधीच्या पात्राच्या वाक्यातले फक्त शेवटचे तीन-चार शब्द, त्यांच्यापुढे लांब रेघ, खाली आपलं पूर्ण वाक्य. ते शब्द कोण बोलतंय हे बहुतेक नकलांत लिहिलेलं नसतं. राणी गर्ट्रूडच्या महालातला प्रवेश घ्या. तिच्या कागदावर एवढंच दिसेल:

__________ काय झालं, आई?
हॅम्लेट, तू तुझ्या वडिलांना फार दुखावलंस.
__________ वडिलांना फार दुखावलंस.
पुरे, पुरे, काहीतरीच बोलतोस.

तिसरी ओळ नीट पाहा. तो हॅम्लेटचा क्यू आहे, म्हणजे राणीने बोलायची खूण, पण शब्द राणीच्याच तोंडचे वाटतात. नवखी नटी इथे हमखास अडखळते: आपलंच वाक्य दोनदा लिहिलं गेलं असं समजून ती हॅम्लेटची जागा खाऊन पुढे जाते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे क्यूचे शब्द एकाच भाषणात दोन ठिकाणी येणं. पहिल्याच ठिकाणी एंट्री होते आणि समोरच्याचं निम्मं भाषण बुडतं. तालमीच्या प्रवेशात नाट्य हवं असेल तर ते या दोन ठिकाणी आयतं आहे.

भूमिकेची लांबी 'लेंग्थ'मध्ये मोजत. एक लेंग्थ म्हणजे ४२ ओळी. 'उद्यापर्यंत अमुक लेंग्थ पाठ कर' हा संवाद त्या काळात सहज बसेल.

आता कोणाला काय मिळे ते. स्टॉक कंपनीत, म्हणजे एका थिएटरच्या कायमच्या मंडळीत, नट भूमिकेसाठी घेत नसत, 'लाइन'साठी, म्हणजे भूमिकांच्या ठरावीक प्रकारासाठी घेत. 'हेवी' म्हणजे खलनायकी नटाकडे क्लॉडियस, 'फर्स्ट ओल्ड मॅन'कडे पोलोनियस, 'लो कॉमेडियन'कडे पहिला थडगं खणणारा. खाली छोट्या भूमिकांचे 'वॉकिंग जेंटलमन', 'युटिलिटी', आणि गर्दीला 'सुपर'. लाइनमधली भूमिका हा नटाचा हक्कच. ती दुसऱ्याला दिली की भांडण ठरलेलं.

फिरतीवरचा मोठा नट गावात आला की स्थानिक कंपनी त्याच्याभोवती उभी राही. सकाळी एकच तालीम, रात्री खेळ. तालमीत तो मोठ्या आवाजात बोलतही नसे. 'मी इथून येणार, तुम्ही तिथे थांबा, या शब्दावर वळा', एवढं सांगून पुढचा प्रवेश. याचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे वॉशिंग्टनचं फोर्ड्स थिएटर, १४ एप्रिल १८६५. नटी लॉरा कीन सोबत जॉन डायट आणि हॅरी हॉक यांना घेऊन आली होती, बाकीची मंडळी फोर्डच्या कंपनीतली. 'अवर अमेरिकन कझिन' हे नाटक एवढं मुरलेलं होतं की कोणत्या वाक्याला सर्वांत मोठा हशा येतो आणि तेव्हा रंगमंचावर हॉक एकटाच असतो, हे एडविनच्या धाकट्या भावाला, जॉन विल्क्स बूथला पाठ होतं. लिंकनवरची त्याची गोळी त्याच हशात सुटली.

प्रॉम्प्ट_कोपरा:
वरचं सगळं बरोबर, पण एक दुरुस्ती हवी. एका तालमीची पद्धत या शंभर प्रयोगांना लावू नका. रोज खेळ बदलणाऱ्या कंपनीची ती गरज होती. इथे एकच नाटक, त्यासाठी मुद्दाम बनवलेलं नेपथ्य आणि रोज तीच मंडळी. पहिल्या आठवड्यानंतर नकला हातात दिसणं चुकीचं ठरेल. नकलांचा प्रवेश शुभारंभाआधीच ठेवा.

त्यातही तारखेचा उपयोग करून घ्या. आदल्या रात्री, २५ नोव्हेंबरला, याच रंगमंचावर 'ज्युलियस सीझर' झालं. एडविन ब्रूटस, थोरला ज्युनियस कॅशियस, धाकटा जॉन विल्क्स मार्क अँटनी. सेंट्रल पार्कमधल्या शेक्सपिअरच्या पुतळ्यासाठी निधी जमवायचा होता. त्याच रात्री यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या हेरांनी न्यूयॉर्कच्या हॉटेलांना आगी लावल्या. थिएटरला लागूनच असलेल्या लाफार्ज हाउसमध्येही आग लागली, प्रेक्षक उठले आणि एडविनने त्यांना शांत केलं. दुसऱ्या संध्याकाळी 'हॅम्लेट'चा शुभारंभ. म्हणजे तुमच्या नटांच्या डोक्यात एकाच वेळी दोन नाटकांच्या नकला आहेत, आणि तिन्ही भाऊ एकाच इमारतीत आहेत.

झालर:
उजेडाबद्दल. सगळीकडे पिवळा जेल लावलात तर दिव्यांची दिशाच हरवेल, आणि खरी गोष्ट रंगापेक्षा दिशेची आहे.

गॅसचे दिवे तीन ठिकाणी असत. रंगमंचाच्या पुढच्या कडेला खाचेत फूटलाइटची रांग, विंगांत उभ्या रांगा, आणि वर झालरींच्या मागे आडव्या नळ्या. सगळ्यांच्या नळ्या प्रॉम्प्टरच्या बाजूच्या 'गॅस टेबल'पर्यंत येत आणि तिथे प्रत्येक रांगेला वेगळी चावी. उजेड कमी करणं म्हणजे चावी हळूहळू आवळणं. जास्त आवळली की ज्योत विझते आणि नंतर चावी उघडल्यावर न जळलेला वायू सभोवार पसरतो. म्हणून मुख्य चावीला वळसा घालून जाणारी बारीक नळी ठेवत, म्हणजे काळोखातही निळी ठिणगीएवढी ज्योत तेवत राही. तुमच्या विंगेच्या प्रवेशात गॅसमन दाखवणार असाल तर त्याचा हात चावीवर आणि डोळे प्रॉम्प्टरवर असू द्या.

फूटलाइटचा उजेड खालून येतो. नाकाखालची, डोळ्यांखालची, हनुवटीखालची नेहमीची सावली पुसली जाते आणि चेहरा सपाट होतो. म्हणून सुरकुत्या काढाव्या लागत आणि भुवया गडद कराव्या लागत. चार पावलं मागे गेलं की चेहरा मंदावतो. म्हणूनच महत्त्वाचं वाक्य मध्यभागी, पुढे येऊन म्हटलं जाई, त्यात नटाचा दिखाऊपणा नव्हता. आणखी एक: रांगेतून गरम हवा वर चढते, त्यामुळे पहिल्या रांगांतल्या प्रेक्षकांना मागचा पडदा किंचित लहरताना दिसे.

प्रेक्षागृह पूर्ण काळोखात ठेवू नका. तिथलेही दिवे मंद जळत असत.

लाइमलाइट वेगळी वस्तू आहे. ऑक्सिजन आणि हायड्रोजनची ज्योत कळीच्या चुन्याच्या कांडीवर मारायची आणि तापून पांढराशुभ्र झालेल्या चुन्याचा उजेड भिंगातून फेकायचा. वायू रबर चढवलेल्या कापडी पिशव्यांत भरलेला असे आणि पिशव्यांवर फळ्या ठेवून त्यावर वजनं. धोका इथेच. एका पिशवीवरचं वजन मध्येच उचललं की तिचा दाब पडतो, दुसरा वायू उलटा आत शिरतो, मिश्रण होतं आणि पिशवी फुटते. पेटवताना आधी हायड्रोजन, कांडी सावकाश तापू द्यायची, मग ऑक्सिजन. बंद करताना आधी ऑक्सिजन. ज्योतीने चुन्यात खड्डा पडतो, म्हणून कांडी दर थोड्या वेळाने फिरवत राहायची. न फिरवल्यास उजेड मंद होतो किंवा कांडी तडकते. कळीचा चुना हवेतला ओलावा ओढून विरतो हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको, म्हणून कांड्या हवाबंद डब्यांत. दर दिव्यामागे एक माणूस आणि सतत बारीक फुसफुस. आजच्या फॉलो स्पॉटसारखा तो प्रयोगभर नटामागे फिरवू नका. चांदण्यासाठी, भुताच्या प्रवेशासाठी, एखाद्या चित्रासारख्या क्षणासाठी वापरा.

अंक_दुसरा:
फार उपयोगी. खरी ज्योत अर्थातच नाही. मग साध्या नाट्यगृहात हे कसं जमवायचं?

झालर:
पुढच्या कडेला बुटक्या पन्हाळीत टंगस्टनचे कमी वॅटचे दिवे लावा, एकमेकांपासून वीतभर अंतरावर, आणि डिमरवर ४० टक्क्यांच्या आसपास ठेवा. टंगस्टन मंद केला की आपोआप तांबूस होतो, गॅसच्या जवळ जातो. एलईडी मंद केल्यावर रंग तोच राहतो, म्हणून तो घेतलात तर सुमारे २००० केल्विनची छटा वेगळी निवडावी लागेल. तीन-चार दिव्यांना वेगवेगळ्या वेगाने अगदी थोडं लुकलुकू द्या, सगळी रांग एकदम लुकलुकली तर वीज गेल्यासारखी वाटते. समोरचे वरून येणारे स्पॉट जवळजवळ बंद. लाइमलाइटसाठी एकच अरुंद स्पॉट, बाकीपेक्षा स्पष्ट पांढरा, उंचावरून आणि बाजूने. ज्योतीवर जाळी बसवलेले, झगझगीत पांढरे गॅसदिवे टाळा, ती जाळी १८८०च्या दशकातली.

आगीची भीती नाटकात येणार असेल तर ती खरी होती. ५ डिसेंबर १८७६ला ब्रुकलिन थिएटरमध्ये 'द टू ऑर्फन्स'च्या वेळी वरच्या दिव्याजवळच्या कॅनव्हासने पेट घेतला. गोंधळ होऊ नये म्हणून केट क्लॅक्स्टन आणि इतर नट बोलत राहिले. किमान २७८ माणसं गेली, बहुतेक सर्वांत वरच्या गॅलरीतली, कारण तिथून उतरायला जिना एकच होता.

तिसरी_घंटा:
'ओव्हर' अभिनयाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. सगळ्या शतकाला एकच शिक्का मारू नका. एडविन फॉरेस्ट हा भरदार देहाचा, खणखणीत आवाजाचा नट. त्याचे चाहते आणि इंग्रज नट मॅक्रेडीचे चाहते यांच्यातल्या वैरातून १० मे १८४९ला अ‍ॅस्टर प्लेसची दंगल झाली, सैन्याने गोळ्या झाडल्या, किमान २२ जण मेले. बूथ त्याच्या पुढच्या पिढीचा आणि जाणूनबुजून वेगळा, आवाज न चढवता बोलणारा. १८९०मध्ये एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यावर त्याने ऑथेल्लोचं सिनेटपुढचं भाषण ध्वनिमुद्रित केलं, ते आजही ऐकता येतं. खरखर खूप आहे. पण हेडफोन लावून दोन-तीनदा ऐका: लय आहे, स्वर लांबवलेले आहेत, आरडाओरडा कुठेही नाही.

नटांना हातवारे शिकवू नका. त्यांना नकला द्या, पूर्ण संहिता काढून घ्या, फूटलाइटच्या पुढ्यात उभं करा. समोरचा काय बोलणार हे माहीत नसलं की ते कान देऊन ऐकू लागतात, आणि पुढे आल्याशिवाय चेहरा दिसत नाही म्हटल्यावर आपोआप पुढे येतात. 'पॉइंट' मात्र ठरवून ठेवा. ठरावीक वाक्यावर नट थांबे, टाळ्या येत, मग प्रवेश पुढे सरके. आपल्याकडच्या वन्स मोअरची सवय असलेल्या प्रेक्षकाला ते लगेच कळेल.

प्रॉम्प्ट_कोपरा:
शेवट कुठे करताय? २२ मार्चला शंभरावा प्रयोग झाला आणि २३ दिवसांनी लिंकनवर गोळी सुटली. एडविनने रंगभूमी सोडल्यातच जमा होती, पण ३ जानेवारी १८६६ला तो याच विंटर गार्डनमध्ये परतला, भूमिका पुन्हा हॅम्लेटचीच. प्रेक्षकांनी उभं राहून जयजयकार केला. तुमच्याकडे दिव्यांची पन्हाळ तयार असेलच, तर त्या एंट्रीला फक्त फूटलाइट ठेवा आणि लाइमलाइट अजिबात देऊ नका.

अंक_दुसरा:
शेवट २२ मार्चवर ठरवला होता. आता जानेवारीचा प्रवेश लिहायला घेतो. गर्ट्रूडची नक्कल आज उतरवतो आहे, क्यू तीनच शब्दांचे ठेवून.