डिकीवाली गाडी: वापरून झाल्यावरचे अनुभव

नवीन गाड्यांचे रिव्ह्यू पैशाला पासरी झालेत, पण लिहिणाऱ्याने गाडी चालवलेली असते दोन दिवस, तीही दुसऱ्याच्या पेट्रोलवर. आमच्याकडे सध्या मिडसाइझ सेडान घ्यायचं घाटतंय. घरात माणसं पाच, त्यातले दोघं सत्तरीच्या पुढचे आणि एक अजून कार सीटमधला. ज्याला विचारावं तो म्हणतो आता सेडान कोण घेतं. म्हणून म्हटलं ज्यांनी एकच सेडान निदान चार-पाच वर्षं वापरलीय त्यांनाच बोलतं करावं. कंपनीचं नाव नका लिहू, नाव आलं की लगेच दोन तट पडतात आणि मूळ विषय राहतो बाजूला. ॲव्हरेज आणि सनरूफ सोडून बोला. घेताना कोणी सांगितलं नव्हतं आणि नंतर कळलं, तेवढंच.

(जाता जाता: होंडा ॲकॉर्ड १९७६ मध्ये आली ती हॅचबॅक म्हणून, म्हणजे मागे वेगळी डिकी नसलेली, सेडान आली १९७७ मध्ये. म्हणजे तिलाही शेपूट नंतरच फुटलंय.)

*

दहावं वर्ष चालू आहे, १ लाख ४० हजार किलोमीटर, पेट्रोल, मॅन्युअल. डिकी ४८० लिटरची म्हणून भाळलो आणि पहिल्याच प्रवासाला झाकण लागेना. मोठी बॅग आत मावली होती, वर चांगली दोन बोटं जागा होती, तरी लागेना. वाकून बघितलं तर झाकणाचे बिजागर, ते बगळ्याच्या मानेसारखे वाकडे असतात ना, ते झाकण लावताना डिकीच्या आत उतरतात आणि बरोब्बर बॅगेच्या कोपऱ्यावर येऊन टेकतात. डिकीचे लिटर मोजायची एक पद्धत अशी आहे की २०० बाय १०० बाय ५० मिलिमीटरचे ठोकळे घ्यायचे, एक ठोकळा म्हणजे एक लिटर, आणि आत किती रचता येतात ते मोजायचं. आता ठोकळा काय कुठल्याही सांदीत बसतो, बॅग नाही बसत. तेव्हा गाडी बघायला जाताना घरातली सगळ्यात मोठी बॅग घेऊन जा, सेल्समन हसला तर हसू दे.

बाकी गाडीबद्दल तक्रार नाही. एक मात्र पाळतो, ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचंच. ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि मग लांबलचक उतारावर ब्रेक तापले की पेडल पोचट लागायला लागतं. एकदा अनुभवलंय, परत नको.

*

सत्तरीच्या दोघांचा उल्लेख आलाय म्हणून मुद्दाम लिहितेय. माझ्या आईचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत आणि आम्ही सेडान घेतल्यावर पहिले दोन महिने ती गाडीत बसायचंच टाळायची, कारण विचारलं तर म्हणे मला गाडी लागते. गाडीबिडी काही लागत नव्हती. एक पाय आत टाकायचा, मग वाकून डोकं आत न्यायचं आणि त्याच वेळी सगळं वजन एका गुडघ्यावर, हे तिला जमत नव्हतं आणि सांगायची लाज वाटत होती. फिजिओथेरपिस्टने शिकवलं ते असं: गाडीकडे पाठ करायची, पोटऱ्या सीटला टेकेपर्यंत मागे सरकायचं, आधी बसायचं, मग डोकं आत, आणि शेवटी दोन्ही पाय एकत्र उचलून वळायचं. सीटच्या कापडावर वळताना घसरत नाही म्हणून खाली एक प्लास्टिकची पिशवी ठेवायची, चकतीसारखं फिरता येतं. बसून झालं की पिशवी काढून घ्या हं, नाहीतर ब्रेक लागला की माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो. आता ती माझ्याआधी बसलेली असते.

उतरायचा त्रास मात्र आहेच, तिथे हात द्यावा लागतो. उंच गाडीत हे सोपं जातं, खोटं कशाला बोलू. पण फार उंच गाडीत चढायचा त्रास, म्हणजे आई-बाबांना प्रत्यक्ष बसवून, उतरवून बघा, दोनदा.

*

कार सीटबद्दल. आयसोफिक्सचे, म्हणजे मुलाची सीट थेट गाडीला अडकवायचे हूक मागच्या सीटच्या सांध्यात असतात ते सगळ्यांना माहीत असतं, पण त्या सीटचा वरचा पट्टा अडकवायची जागा सेडानमध्ये बहुतेक मागच्या काचेखालच्या फळीवर झाकणाखाली असते, ती मला सात महिने सापडली नव्हती. आणि मागे तोंड करून बसवायची सीट लावली की पुढच्या माणसाचे गुडघे डॅशबोर्डला. यूएन आर१२९ ह्या कार सीटच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार निदान १५ महिन्यांपर्यंत मूल मागे तोंड करूनच बसवायचं असतं, तेव्हा तेवढा काळ पुढे कमी उंचीच्या माणसाने बसावं, म्हणजे मी.

*

मधल्या सीटबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून? पाच माणसं म्हणताय म्हणून. मधल्याच्या पायाशी तो उंचवटा येतो आणि सीटही तिथे टणक असते. आमच्याकडे तीन भावंडं मागे, दर तासाला पाळी बदलते, पाळीचं भांडण वेगळं.

*

लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

आमची सात वर्षांची सेडान. गेल्या पावसाळ्यात गाडीत कुबट वास यायला लागला. एसी सर्व्हिस केला, केबिन फिल्टर बदलला, वास तसाच. वर्कशॉपने दोनदा गाडी ठेवून घेतली, दोनदा सुगंधी फवारा मारून परत दिली आणि बिल लावलं. मग एक दिवस वळणावर मागून डुबुक असा आवाज आला. नवऱ्याला म्हटलं पाण्याची बाटली पडली असेल, तो म्हणाला डिकी रिकामी आहे. घरी येऊन डिकीतलं कार्पेट उचललं, खालची फळी उचलली तर स्टेपनीच्या खळग्यात चांगलं चार बोटं पाणी, स्टेपनी तरंगायची बाकी होती, आणि जॅक गंजून एकजीव झालेला.

पाणी येतंय कुठून हे शोधायला आम्ही जे केलं ते शेजाऱ्यांनी बाल्कनीतून बघितलं. मागची सीट पाडून मी टॉर्च घेऊन डिकीत शिरले, नवऱ्याने झाकण लावलं आणि बाहेरून नळी सुरू केली, आधी काचेच्या कडेला, मग झाकणाच्या रबराला, मग दिव्यांवर. पंधरा मिनिटं काहीच नाही, आत उकडतंय, पाठीखाली बिजागर टोचतोय, आणि एकदम टेललाइटच्या मागे एक थेंब चमकला. तो पत्र्यावरून ओघळला, वायरीच्या जुडग्यावरून खाली गेला आणि अस्तराच्या मागे दिसेनासा झाला. म्हणून इतके दिवस कार्पेट वरून कोरडं होतं. टेललाइट आणि पत्र्याच्या मध्ये स्पंजसारखं गास्केट असतं, ते दबून कडक झालं होतं. बदलायला अर्धा तास, चार नट. खळग्याच्या तळाला रबरी बूच असतं ते काढलं की पाणी बाहेर, हेही तेव्हाच कळलं.

जुनी सेडान बघायला गेलात तर बॉनेट नंतर उघडा, आधी स्टेपनी उचला.

*

वरच्या ताईंना दंडवत. आमच्याकडे पाणी पुढे येत होतं, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटपाशी पायाखालचं कार्पेट ओलं. ती मात्र एसीची पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबलेली होती. दमट हवेत एसी लावून उभ्या गाडीखाली पाण्याचं थारोळं दिसत नसेल तर ते पाणी कुठेतरी आत जातंय असं समजा.

*

डिझेल, सहा वर्षं. माझी चूक लिहितो. ऑफिस चार किलोमीटरवर आणि गाडी डिझेल. धुराड्यातल्या फिल्टरमध्ये काजळी साठते, ती जाळायला सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते, चार किलोमीटरमध्ये कुठली एवढी तापायला. गाडी जाळायचा प्रयत्न करते, त्यासाठी जास्तीचं डिझेल सोडते, तोवर मी ऑफिसला पोचून इंजिन बंद केलेलं. मग ते न जळलेलं डिझेल उतरतं इंजिन ऑइलमध्ये. डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, ऑइल वाढलेलं बघून मी खूश होतो की बघा, गाडी ऑइल खात नाही! मेकॅनिकने कपाळावर हात मारला. आता दर रविवारी तिला तासभर हायवेवर फिरवून आणतो, बायको म्हणते माझ्याबरोबर कधी फिरायला येत नाहीस.

*

इथे सगळे दुखणीच सांगतायत म्हणून दुसरी बाजू. माझ्याकडे आठ वर्षं सेडान आणि त्याच वेळी भावाकडे एसयूव्ही, दोन्ही भरपूर चालवल्यात. सहाशे किलोमीटर सलग चालवून उतरल्यावर सेडानमधून मी माणसासारखा उतरतो. गाडी जमिनीलगत आहे त्यामुळे वळणावर मागचे लोक इकडून तिकडे हेलपाटत नाहीत, माझ्या मुलीला त्या गाडीत उलट्या व्हायच्या, ह्यात नाही झाल्या. आणि शांतता. डिकी वेगळी कप्पेबंद असल्यामुळे मागच्या चाकांचा आवाज पलीकडेच राहतो, आत हळू आवाजात बोललेलं मागे ऐकू जातं (हा तोटाही आहे).

वेगाचं म्हणाल तर हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ९० वरून १२० वर गेलात की तो पावणेदोनपटीच्या वर जातो. सेडान बुटकी आणि अरुंद म्हणून तिला हा मार कमी बसतो, पण बसतोच. मी ९५ ला लावतो आणि गप्प बसतो.

*

आम्ही विकली. पाच वर्षांनी. गाडी उत्तम होती पण फ्रिज, कपाट, सायकल, कुत्रा, ह्यातलं काहीही डिकीच्या तोंडातून आत जाईना. जागा आत असते हो, तोंडच लहान. सायकलचं पुढचं चाक काढून, मागची सीट पाडून, हँडल वाकडं करून एकदा कोंबली होती, ग्रीसचा डाग छताला लागला तो विकेपर्यंत होता.

*

हायब्रिड सेडान आहे, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली, पाचवं वर्ष. ब्रेक पॅड अजून पहिलेच, कारण वेग कमी करायचं बरंचसं काम मोटरच करते आणि ती वीज बॅटरीत जाते. कोणी सांगितलं नव्हतं ते हे की मोठ्या बॅटरीला थंड ठेवणारी हवा मागच्या सीटच्या बाजूच्या एका जाळीतून आत ओढली जाते. आम्ही तिथे उशा आणि जॅकेटं टाकून ती जाळी बुजवून टाकली होती. साफ केली तेव्हा केसांचा एवढा गोळा निघाला. आणि एवढी सगळी बॅटरी असूनही गाडी एका सकाळी सुरू झाली नाही ती साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीमुळे.

*

पाच माणसं आणि भरलेली डिकी असेल तर गाडीचं बूड बसतं, स्पीडब्रेकरला पोट घासतं. तिरकं घ्या, एकेक चाक चढवत. टायरची हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असते तिथे पूर्ण लोडचा आकडा वेगळा दिलेला असतो, तेवढी भरा. आणि स्टिअरिंगजवळ शून्य ते तीन आकड्यांची चकती असेल तर ती फिरवा, तिने हेडलाइट खाली होतो. मागे वजन आलं की नाक वर जातं आणि झोत समोरच्यांच्या डोळ्यात जातो, मग ते सगळे आपल्याला अपर मारत बसतात. मी दोन वर्षं त्यांनाच शिव्या घालत होतो.

*

धन्यवाद मंडळी. बॅग घेऊन जाणार, आणि बाबांना पिशवीवर बसवून बघणार. डिकीतल्या टॉर्चवाल्या ताईंना एक विचारायचं होतं, वास गेला का पुढे?

*

गेला, पण गास्केट बदलून नाही गेला. कार्पेटखाली जाड फेल्ट असतं, ते पाणी पिऊन बसलेलं असतं आणि वरून हात लावला तर कळत नाही. ते पूर्ण बाहेर काढलं, पिळलं तर बादलीभर काळं पाणी. तीन दिवस उन्हात, उलटसुलट. खळगा पुसून गंज घासला, रंग मारला, नवीन जॅक आणला. आता पाऊस पडून गेला की नवरा आधी गाडी पुसतो आणि मी डिकी उघडून आत नाक घालते.