तिरीप, कवडसा की झोत?

इटालियन चित्रकार काराव्हाज्जोच्या 'संत मत्तयाचं पाचारण' या चित्रावर थोडं लिहायला घेतलंय आणि एका शब्दापाशी गाडी अडलीय. रोमच्या सान लुइजी देई फ्रांचेझी चर्चमधलं चित्र, १५९९-१६०० चं. जकातदार मत्तय आणि त्याची माणसं टेबलाभोवती पैसे मोजत बसलीत, उजवीकडून येशू आणि त्याचा शिष्य पेत्र आत आलेत, मत्तयाला बोलवायला येशू नुसता हात पुढे करतो आणि त्याच्या डोक्यावरून तिरपा उजेड काळोख्या भिंतीवरून सरळ त्या टेबलापर्यंत उतरतो. हा जो उजेड आहे त्याला मराठीत काय म्हणाल? छायाप्रकाश नको, ते शैलीचं नाव झालं.

— कवडसा तर नक्की नाही. कवडशाला फट लागते, कौलातली, दारातली, आणि तो जिथे पडतो तिथे त्याचा ठिपका दिसतो. चित्रात खिडकी आहे पण तिला तेलकट कागद लावलेला, उजेड तिच्यातून येतच नाहीये. मी तरी झोत म्हणेन, कडा बघा ना किती धारदार आहेत.

— झोत कोणीतरी मारतो हो, बॅटरीचा नाहीतर नाटकातल्या दिव्याचा. इथे उजेडाचा उगम चौकटीच्या बाहेर आहे. मला तिरीप आवडेल, तिरपेपणा त्यात आपोआप येतो.

— पण तिरीप कोवळी असते, सकाळची, संध्याकाळची. हा उजेड अंगावर येतो.

— माझं मत तिरीपलाच, कारण चित्र टांगलंय कुठे ते बघा. त्या चर्चमधल्या काँतारेल्ली चॅपलच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहाच्या, डाव्या भिंतीवर, आणि खरी खिडकी वेदीच्या वर, म्हणजे चित्रापुढे उभं राहिलं की उजव्या हाताला. चित्रातला उजेडही उजवीकडूनच येतो, म्हणजे बाहेरचं ऊनच चॅपलमध्ये शिरून पुढे चित्रात गेलंय असं वाटतं. उन्हाची असते ती तिरीपच ना. आणि येशूच्या डोक्यावर प्रभावळ म्हणाल तर जेमतेम बारीकशी रेघ, तो स्वतः अर्धाअधिक पेत्राच्या आड, त्यामुळे देवपण दाखवायचं सगळं काम या उन्हावर आहे, म्हणून मला हे चित्र इतकं भिडतं.

— पटलं, 'धारदार तिरीप' लिहिते, विशेषणाने कोवळेपणा जाईल. आता पुढचं वाक्य अडलंय, ती तिरीप मत्तयावर पडते असं लिहायचं तर मत्तय कोणता धरू, बोट दाखवणारा दाढीवाला, की टोकाला मान खाली घालून नाणी मोजणारा तरुण?