मांसाविना, पोटभर आणि परवडणारे : घरच्या स्वयंपाकाचे अनुभव

मांस-मासे न वापरता कुटुंबासाठी रोजचा स्वयंपाक करणाऱ्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत, ही विनंती. कोणी खर्च आवरण्यासाठी या वाटेला लागले असेल, कोणी प्रकृतीसाठी, तर कोणाच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या असेच जेवण होत असेल. कारण काहीही असले, तरी स्वयंपाक करणाऱ्यापुढचे प्रश्न बरेचसे सारखे असतात : सर्वांची पोटे भरतील का, प्रथिने पुरेशी मिळतील का, मुले ताटात टाकणार तर नाहीत ना, आणि महिनाअखेरीस खरोखर काही शिल्लक राहील का. पाककृती हव्या तितक्या मिळतात. म्हणून आपण हिशेब कसा बसवला, काय टिकले आणि काय सोडून द्यावे लागले, हे लिहिल्यास इतरांना अधिक उपयोग होईल.

सहा माणसांचा स्वयंपाक करणारी गृहिणी

'आज कोणती भाजी' या प्रश्नाऐवजी 'या आठवड्यात कोणते कडधान्य' असा विचार सुरू केला, तेव्हापासून आमच्या घरच्या खर्चाला शिस्त लागली. सुके कडधान्य शिजल्यावर वजनाने दुपटीहून अधिक होते; एका वाटीच्या अडीच-तीन वाट्या सहज होतात. त्यामुळे डबाबंद, शिजवलेल्या कडधान्याचा भाव सुक्याच्या भावाशी किलोला किलो ताडून पाहणे फसवे असते, कारण डब्यात आपण बहुतांशी पाण्याचे पैसे मोजत असतो.

मी आठवड्याच्या सुरुवातीला एकच कडधान्य मोठ्या प्रमाणात शिजवते. ते आठ ते बारा तास भिजलेले असावे. वेळ नसेल, तर पाण्याला खळखळून उकळी आणून त्यात दोन मिनिटे उकळावे आणि आच बंद करून तासभर झाकून ठेवावे. भिजवण्याच्या पाण्यात थोडे मीठ घातल्यास साल मऊ पडते आणि दाणा एकसारखा शिजतो. मिठामुळे कडधान्य शिजत नाही, हा समज सार्वत्रिक असला तरी खरा अडथळा असतो तो आंबटाचा. दाण्याच्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारे पेक्टिन आम्लात लवकर विरघळत नाही, म्हणून टोमॅटो, चिंच किंवा लिंबू दाणा बोटांनी सहज चेपला जाऊ लागल्यावरच घालावे. जड पाण्यातील कॅल्शियमही दाण्याला असेच टणक ठेवते. अशा पाण्यात खाण्याच्या सोड्याची चिमूट उपयोगी पडते. परंतु सोड्यामुळे ब१ जीवनसत्त्वाचा नाश होतो आणि प्रमाण वाढले तर चवही साबणासारखी लागते, त्यामुळे चिमटीच्या पलीकडे जाऊ नये. दीर्घकाळ उष्ण, दमट जागी साठवलेले जुने कडधान्य मात्र कितीही उपाय केले तरी नीट मऊ होत नाही. स्वस्त मिळते म्हणून पोतेभर घेणाऱ्यांनी ते किती जुने आहे, याची आधी चौकशी करावी.

शिजलेल्या साठ्यातून पहिल्या दिवशी दाणे अख्खे राहतील असा दाट रस्सा होतो. दुसऱ्या वेळी तेच दाणे उकडलेल्या बटाट्याबरोबर ठेचून, थोडे पीठ मिसळून त्यांच्या टिक्क्या तव्यावर भाजल्या जातात, आणि उरलेले दाणे शिजवणाच्या पाण्यासह घोटून, गाजर-कोबीसारख्या त्या काळात स्वस्त असलेल्या भाज्या घालून सूप होते. रूप पालटल्यामुळे तेच ते खात असल्याची तक्रार कोणी करत नाही. शिजलेले कडधान्य शीतकपाटात तीन-चार दिवस उत्तम राहते; त्याहून अधिक असेल, तर एकेका जेवणापुरते भाग करून गोठवावे. भाग न करता गोठवले, तर एका वेळच्या गरजेसाठी सारा गोळा वितळवावा लागतो.

दोन वाढत्या मुलांचे वडील

स्वयंपाकघरात मी हिशेबनीसाच्या वृत्तीने शिरलो, हे आधीच सांगून टाकतो. मांस बंद केल्यावर मुलांची वाढ खुंटेल, असे आप्तांनी इतक्या वेळा बजावले, की शेवटी मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. १०० ग्रॅम सुक्या मसुरीत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात, हरभऱ्यात २० च्या आसपास, शेंगदाण्यांत २५, सोयाबीनमध्ये ३६, आणि तेल काढलेल्या सोयाबीनच्या वड्यांमध्ये तर ५० च्या घरात. प्रत्येक वस्तूच्या किमतीला त्यातील प्रथिनांनी भागले, की यादीचा क्रम पार बदलतो. किलोला महाग वाटणारी वस्तू पुष्कळदा वर येते आणि स्वस्त वाटणारी खाली जाते. येथे एक सावधगिरी हवी. हे आकडे सुक्या वस्तूचे आहेत. शिजलेल्या मसुरीत पाणी शिरलेले असल्यामुळे १०० ग्रॅममागे साधारण ९ ग्रॅमच प्रथिने उरतात. सुक्याचा आकडा शिजलेल्या वाटीला लावून निश्चिंत झालेले अनेक जण मला भेटले आहेत.

निरोगी प्रौढाला शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला ४८ ग्रॅम. मुलांना वजनाच्या मानाने याहून अधिक लागतात. आता २०० ग्रॅम शिजलेल्या मसुरीतून १८ ग्रॅम मिळाली आणि दिवसभरात पोटात गेलेल्या २५० ग्रॅम गव्हाच्या पिठातून आणखी ३० च्या आसपास मिळाली, तर प्रौढाचा हिशेब तेथेच पुरा होतो. दूध, अंडी, शेंगदाणे हे सारे वरचे. धान्यांमधील प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि कडधान्यांत मेथिओनिन, म्हणून दोन्ही खाल्ल्याने एकाची उणीव दुसरे भरून काढते. ती एकाच घासात असण्याची गरज नाही, दिवसभराच्या आहारात दोन्ही आली तरी पुरते.

प्रथिनांची एवढी चिंता करणारी मंडळी ब१२ जीवनसत्त्वाबद्दल क्वचितच विचारतात, याचे मला नवल वाटते. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात भरवशाने मिळत नाही. दूध आणि अंडी पुरेशा प्रमाणात खाणाऱ्यांना ते मिळते. तीही वर्ज्य असतील, तर पूरक गोळ्या किंवा हे जीवनसत्त्व मिसळलेले पदार्थ घ्यावेच लागतात आणि त्यांचा खर्च महिन्याच्या हिशेबात पहिल्यापासून धरावा. लोहाचे तसे नाही. वनस्पतींमधील लोह शरीरात कमी शोषले जाते हे खरे, पण जेवणात लिंबू, टोमॅटो, ढोबळी मिरची असे क जीवनसत्त्व असलेले काही ठेवले तर शोषण वाढते. जेवणाबरोबरचा चहा त्याच्या उलट काम करतो, त्यामुळे आमच्याकडे चहा जेवणापासून तास-दीड तास दूर गेला आहे.

वृद्ध आई-वडिलांसह राहणारी मुलगी

आमच्या घरी अडचण पैशाची नव्हती, पचनाची होती. कडधान्यांतील रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा आपल्या लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्यांवर ताव मारतात आणि त्यातून वायू होतो. भिजवलेले पाणी फेकून नव्या पाण्यात शिजवल्याने त्यांतील काही भाग निघून जातो, आणि मोड आणल्यावर त्या आणखी घटतात. आई-वडिलांसाठी मी सालासकट कडधान्यांऐवजी सोललेल्या डाळींनी सुरुवात केली आणि प्रमाण अगदी हळूहळू वाढवले. एकदम वाटीभर वाढून 'आम्हाला हे सोसत नाही' असा निकाल देण्यात अर्थ नसतो. कवळी असलेल्यांसाठी सालाचा दाणा गैरसोयीचा असतो, ही बाबही तरुण स्वयंपाक्यांच्या ध्यानात येत नाही.

पूर्वी रोज मांस खाणाऱ्या घरातील सून

वरील आकडे पटले तरी ते ताटात उतरत नाहीत, असा माझा अनुभव आहे. माझे सासरे आणि दीर यांना प्रथिने कमी पडत नव्हती. त्यांना जेवणात दम वाटत नव्हता, आणि तो कशामुळे येतो हे समजून घेतल्यावरच आमच्याकडे मांसाविना दिवस वाढले. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या काढ्यातून ग्लुटामेट हे चव देणारे द्रव्य वेगळे करून दाखवले आणि त्याच्या चवीला उमामी हे नाव दिले. मांसाच्या रश्श्यात जिभेला जे भरदार लागते, त्यात या चवीचा मोठा वाटा असतो. तीच चव पिकलेल्या टोमॅटोत, वाळवलेल्या अळिंब्यांत आणि आंबवलेल्या सोयाबीनच्या सॉसमध्येही असते. वाळलेल्या अळिंब्या महाग असल्या तरी त्यांची पूड करून ठेवल्यास अर्धा चमचा सबंध पातेल्याला पुरतो.

दुसरा भाग भाजण्याचा आहे. कांदा मंद आचेवर गडद तपकिरी होईपर्यंत परतणे, टोमॅटोचा गर कडेने तेल सुटेपर्यंत आटवणे, सोयाबीनच्या वड्या भिजवून घट्ट पिळून कोरड्या तव्यावर डाग पडेपर्यंत भाजणे, यांपैकी एकही पायरी गाळली तर रस्सा पाणचट लागतो. पिळणे तर अत्यावश्यक आहे. पाणी भरलेल्या वडीत मसाल्याला शिरायला जागाच उरत नाही.

कच्चा फणस आणि अळिंब्या मांसाच्या जागी घालण्याची सध्या हौस आहे. पोत उत्तम येतो, मीही करते. पण ताज्या अळिंब्यांत १०० ग्रॅममागे जेमतेम ३ ग्रॅम प्रथिने असतात आणि फणसात त्याहूनही कमी. त्या दिवशी सोबत डाळ किंवा दही असू द्यावे.

एका शेगडीवर चौघांचे जेवण करणारा

परवडण्याच्या चर्चेत इंधन कोणी धरत नाही. हरभरा उघड्या पातेल्यात तास-दीड तास घेतो; दाबाच्या कुकरमध्ये पाण्याचे तापमान १२० अंशांच्या जवळ जात असल्याने भिजवलेला हरभरा अर्ध्याहूनही कमी वेळात होतो. याखेरीज मी साठवलेल्या उष्णतेवर शिजवतो. तांदूळ किंवा डाळ झाकण लावून काही मिनिटे जोरात उकळायची, पातेले तसेच जाड गोधडीत किंवा भुसा भरलेल्या खोक्यात घट्ट गुंडाळायचे आणि शेगडी दुसऱ्या पदार्थाला मोकळी करायची. पातेले भरलेले असावे, कारण थोडे अन्न लवकर निवते. दोन-तीन तासांत भात तयार होतो आणि करपण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. शिजून उरलेला भात मात्र बाहेर ठेवू नये. बॅसिलस सिरीयस या जिवाणूची बीजे शिजण्यातून वाचतात आणि कोमट भातात वाढून विष तयार करतात, जे पुन्हा गरम केल्याने जात नाही. उरलेला भात पसरट भांड्यात निववून लवकरात लवकर शीतकपाटात ठेवावा.

सहा माणसांचा स्वयंपाक करणारी गृहिणी

वरच्या पद्धतीला एक अपवाद लिहून ठेवते. राजमा गोधडीत किंवा मंद आचेच्या विजेच्या भांड्यात कच्चा ठेवू नये. लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन हे विषारी द्रव्य मोठ्या प्रमाणात असते आणि थोडेसे कच्चे दाणेही काही तासांत उलट्या-जुलाब सुरू करतात. ८० अंशांसारख्या अपुऱ्या उष्णतेत हे द्रव्य नष्ट होत नाही, उलट त्याचा त्रास वाढू शकतो. निदान पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात पूर्ण उकळीवर शिजवावा. किमान १० मिनिटे सांगितली जातात, मी ३० मिनिटे धरते. त्यानंतर मंद आचेवर कितीही वेळ ठेवला तरी चालतो.

ज्यांचा खर्च कमी झाला नाही, अशा घरातून

सर्वांचे लेखन वाचून एक विरोधी सूर लावतो. आमच्या घरी मांस बंद झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत खर्च वाढला. मांसाच्या जागी काजू-बदाम, चीज आणि मांसासारखे दिसणारे गोठवलेले तयार पदार्थ आले, आणि उत्साहाने आणलेली पालेभाजी दर आठवड्याला पिवळी पडून फेकली जाऊ लागली. मांसाचा तुकडा काढून त्या जागी दुसरा महागडा तुकडा बसवणे, याला बचत म्हणता येत नाही. पाने असलेल्या भाज्या दोन दिवसांपुरत्याच आणणे, बाकी टिकाऊ कोबी, गाजर, भोपळा, बटाटे यांवर भिस्त ठेवणे आणि तयार पदार्थ पाहुण्यांसाठी राखणे, एवढ्या बदलाने गाडी रुळावर आली. गोठवलेला मटारही मी यादीत ठेवतो. तो काढणीनंतर लगेच गोठवलेला असतो आणि दुकानात दिवसेंदिवस पडून राहिलेल्या ताज्यापेक्षा पोषणात कमी नसतो.

आणखी एक खर्च कोणी लिहिला नाही, तो वेळेचा. भिजवणे, उपसणे, ठेचणे, वाटणे, परतणे हे सर्व मांसाच्या रश्श्यापेक्षा कमी कष्टाचे नाही, आणि बहुतेक घरांत ते एकाच व्यक्तीच्या माथी येते. ती व्यक्ती कोण, हे येथे सांगण्याची आवश्यकता नसावी.

दोन वाढत्या मुलांचे वडील

वेळेचा मुद्दा मान्य आहे. आमच्याकडे भिजवणे, मोड आणणे आणि शिजवून भाग करून गोठवणे ही कामे मुलांकडे व माझ्याकडे आहेत, फोडणी पत्नीकडे. काय भिजवायचे ते शीतकपाटावरच्या कागदावर आदल्या रविवारी लिहिलेले असते, म्हणजे रात्री कोणालाही विचारावे लागत नाही. सुट्टीच्या दिवशी दोन तास लागतात आणि नंतरच्या प्रत्येक संध्याकाळी स्वयंपाक अर्ध्या तासात होतो. थोरला आता स्वतःहून मसूर निवडतो, कारण ती न भिजवताही वीस-पंचवीस मिनिटांत शिजते आणि त्याला लवकर सुटका मिळते.