मदत हवी आहे : बाबांच्या फुप्फुसातली बुरशी, गोळीने बीजाणू मरतात का?

नमस्कार मंडळी. आम्ही तासगावकडचे. बाबा ६३ वर्षांचे. जुन्या टीबीमुळे उजव्या फुप्फुसात पोकळी राहिली होती. दिवाळीनंतर थुंकीतून रक्त पडायला लागलं. सीटीत त्या पोकळीत बुरशीचा गोळा निघाला, ॲस्परजिलस. इट्राकोनाझोल कॅप्सूल २०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, किमान सहा महिने सांगितलंय. चौथा महिना चालू आहे. खोकला कमी झाला, तसं बाबा म्हणायला लागले, "आता पुरे झाल्या गोळ्या." मला फार भीती वाटते.

बीजाणू श्वासातून आत जातो, फुगतो, कोंब फुटतो, मग तंतू पसरतात, एवढं मला कळलंय. औषध यातल्या कुठल्या टप्प्यावर लागू पडतं? आणि आम्ही द्राक्षांवर हेक्साकोनाझोल फवारतो. नावं इतकी सारखी कशी?

प्रतिसाद १

ताई, मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. निजलेल्या बीजाणूवर या औषधाचा जवळजवळ परिणाम होत नाही. वाढणाऱ्या तंतूला पेशीच्या पडद्यासाठी अर्गोस्टेरॉल लागतं, आणि ते तयार करणारं एन्झाइम इट्राकोनाझोल अडवतं. बीजाणू नुसता पडून असतो, त्याची वाढच चालू नसते. कोंब फुटला की तो तावडीत येतो. त्यात बुरशीच्या गोळ्याला रक्तपुरवठा नाही, त्यामुळे औषध आतपर्यंत नीट पोचत नाही. म्हणून इतके महिने लागतात. चंदीगडच्या पीजीआयच्या डॉक्टरांनी २०२२ साली सहा आणि बारा महिन्यांच्या उपचारांची तुलना छापली. सहा महिनेवाल्यांपैकी ३८ टक्के जणांचा आजार उलटला, बारा महिनेवाल्यांत १० टक्के. बाबांना हे आकडे दाखवा.

हेक्साकोनाझोल त्याच कुळातलं, तेच एन्झाइम अडवणारं. त्याच्या सततच्या वापराने शेतातच औषधाला न जुमानणारी बुरशी तयार होऊ शकते. मला फवारणीपेक्षा कुजलेल्या काडीकचऱ्याची आणि कंपोस्टची जास्त काळजी वाटते, बीजाणू तिथेच उडतात. बाबांना त्यापासून लांब ठेवा.

कॅप्सूल जेवणानंतर लगेच घेतात ना? तिला पोटातलं आम्ल लागतं. पायाला सूज किंवा दम वाढला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

धागाकर्ती

सर, सकाळची कॅप्सूल ते उपाशीपोटी घेतात, ॲसिडिटीच्या गोळीसोबत! चार महिने असंच चाललंय. उद्या सकाळीच डॉक्टरांना फोन करते, रक्तातली औषधाची पातळी तपासायची का तेही विचारते.