मदत हवी आहे: निराधार योजनेतल्या कुटुंबांना सोबत कशी करावी?

नमस्कार मंडळी. आम्ही काही निवृत्त शिक्षक आणि बचत गटातल्या ताया मिळून संजय गांधी निराधार योजनेचा लाभ घेणाऱ्या विधवा बायकांच्या घरी जातो. आधार खात्याला जोडणं, हयातीचा दाखला, तहसीलच्या चकरा, हे आता जमतं.

अडतंय पुढे. महिन्याचे दीड हजार आले की मायक्रोफायनान्सचा हप्तेवाला दारात उभा. उरलेल्यात किराणा, मुलांच्या वह्या. अशा बाईला ‘बचत करा’ म्हणताना माझी तर जीभच रेटत नाही.

बांगलादेशात ‘ब्रॅक’ या स्वयंसेवी संस्थेने २००२ पासून शेळी-गाय, थोडा भत्ता आणि नियमित घरभेट अशी सांगड घातली, हे माहीत आहे. पण आमच्याकडे द्यायला शेळी नाही, फक्त वेळ आहे. नुसत्या भेटींनी काही साधतं का?

‘उमेद’मध्ये (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) सीआरपी, म्हणजे बचत गटांना मदत करणारी गावपातळीवरची कार्यकर्ती, म्हणून काम केलेल्या कुणी सांगाल का: एका स्वयंसेवकाकडे किती घरं द्यावीत? कर्जाचा विषय बाईला न दुखावता कसा काढावा? आणि गावात आम्हाला एजंट समजतात, त्यावर काय करता? (चहासुद्धा घेत नाही हो आम्ही.)

भेटीच्या नोंदवहीचा नमुना असेल तर जरूर टाका.