धडा कळतो, पण दोन दिवसांनी पाटी कोरी! कुतूहल जागं करून शिकवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

गंगापूररोड_शिकवणी

नमस्कार मंडळी. आठवी-नववीच्या बारा मुलांचा वर्ग आहे. आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तासाचा तास. धडा वर्गात कळतो, मुलं माना डोलावतात आणि दोन दिवसांनी विचारलं की पाटी कोरी. हीच मुलं क्रिकेटमधले आकडे मात्र न घोकता धडाधड सांगतात.

"गोडी लागली की आपोआप लक्षात राहतं" असं सगळेच म्हणतात. मला त्यापुढचं हवं आहे. कुतूहलाने स्मरणात खरंच फरक पडतो का? पडत असेल तर पाऊण तासात ते कुठे आणि कसं बसवायचं? गोष्टी, खेळ, बक्षिसं यातलं उपयोगाचं काय आणि वाया जाणारं काय? पुढचे तीन विषय परासरण (पातळ पडद्यातून पाण्याची ये-जा, ऑस्मॉसिस), सरळव्याज आणि सातवाहन हे आहेत. त्यांच्याच आधाराने सांगितलंत तर फार बरं होईल.

---

गोदाकाठ

फरक पडतो, आणि तो मोजलेला आहे. २०१४ साली ग्रूबर, गेलमन आणि रंगनाथ यांनी कॅलिफोर्नियात केलेला प्रयोग बघा. लोकांना उत्तर माहीत नसलेले सामान्यज्ञानाचे प्रश्न निवडले आणि प्रत्येक प्रश्नाबद्दल किती उत्सुकता वाटते ते आधी विचारून घेतलं. मग प्रश्न दाखवायचा, १४ सेकंद थांबायचं आणि उत्तर दाखवायचं. उत्सुकता जास्त असलेल्या प्रश्नांची सुमारे ७१ टक्के उत्तरं नंतर आठवली, कमी असलेल्यांची ५४ टक्के.

खरी गंमत पुढे आहे. त्या १४ सेकंदांत मधेच एका अनोळखी माणसाचा चेहरा दाखवला होता. प्रश्नाशी त्याचा काहीही संबंध नव्हता. उत्सुकतेच्या वेळी दिसलेले चेहरेही थोडे जास्त लक्षात राहिले. म्हणजे उत्तराची वाट बघत असतानाच मेंदू साठवायच्या तयारीत असतो. डोपामिन या मेंदूतल्या रसायनावर चालणारा मध्यमेंदूचा भाग आणि स्मरण घडवणारा हिप्पोकॅम्पस दोन्ही त्या वेळी जास्त जागे असतात. शिकवणाऱ्याने यातून घ्यायचं ते एवढंच, की प्रश्न आणि उत्तर यांच्यामधली जागा मोलाची आहे. आपण नेमकी तीच खाऊन टाकतो. "परासरण म्हणजे काय? तर परासरण म्हणजे..." एका श्वासात प्रश्न आणि उत्तर! मुलाला वाट बघायला वेळच मिळत नाही.

दुसरी गोष्ट प्रश्नाच्या निवडीची. २००९ मध्ये अमेरिकेतल्या कॅल्टेक विद्यापीठाच्या अभ्यासात दिसलं की उत्तराचा काहीच अंदाज नसेल तर उत्सुकता कमी असते, उत्तर पक्कं माहीत असेल तरी कमीच. ती सर्वात जास्त असते अर्धवट माहितीवर. नाशिकमधल्या मुलाला विचारा, "सिंहस्थ १२ वर्षांनीच का?" आकडा घरोघरी पाठ, गुरू सिंह राशीत येतो हेही कानावरून गेलेलं. पण गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला ११.८६ वर्षं लागतात हा दुवा बहुतेकांकडे नसतो. तिथे मूल अडकतं आणि पुढे सरकून बसतं. याउलट "गुरूचा परिभ्रमणकाळ सांगा" म्हटलंत तर खिडकीबाहेर बघेल.

वर्गात हे तपासायची सोपी रीत आहे. प्रश्न फळ्यावर लिहा आणि मुलांना बोटं दाखवायला सांगा: काहीच माहीत नाही तर शून्य, खात्री असेल तर पाच. बहुतेक हात शून्यावर असतील तर उत्तर सांगू नका, एक धागा द्या आणि पुन्हा बोटं मागा. दोन-तीनवर आले की प्रश्न पिकला.

मग प्रत्येकाने स्वतःचा अंदाज वहीत लिहायचा, एक मिनिट, कोणी बोलायचं नाही. ही पायरी गाळली की पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा तीन सेकंदांत उत्तर ओरडतो आणि उरलेल्या अकरा जणांचं कुतूहल तिथेच मरतं. उत्तर त्याच तासात, पाच-दहा मिनिटांनी द्या. "उद्या सांगतो" म्हणून टांगून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी निम्म्या मुलांना प्रश्नही आठवत नाही.

---

पिंपळगावकर

परासरणाबद्दल लिहितो. बेदाणे पाण्यात टाकायचा प्रयोग सगळ्यांना ठाऊक आहे, पण तो बहुतेक वेळा चुकीच्या क्रमाने होतो. आधी व्याख्या, मग पडदा, मग प्रयोग. मुलांना शेवट माहीतच असतो, त्यामुळे बघायला उरत नाही काही.

सुरुवात या प्रश्नाने करा: "द्राक्षातलं पाणी गेलं, बेदाणा झाला. बेदाणा पाण्यात टाकला तर पुन्हा द्राक्ष होईल का?" आपल्याकडच्या मुलांनी द्राक्षंही पाहिली आहेत आणि बेदाणेही, त्यामुळे प्रत्येकाचं काहीतरी मत असतंच.

वर्गाच्या तीन तास आधी ५० ग्रॅम बेदाणे धुऊन पुसून २०० मिली कोमट पाण्यात टाका आणि झाकून ठेवा. वर्गात मुलांच्या समोर दुसरे ५० ग्रॅम भिजत घाला. अंदाज लिहून घ्या: वजन किती होईल, पाण्याची चव कशी असेल. मग झाकलेलं भांडं उघडा. दहा बेदाण्यांवर भागवू नका. एका बेदाण्याचं वजन जेमतेम अर्धा ग्रॅम आणि स्वयंपाकघरातला काटा एक-एक ग्रॅमने सरकतो, त्यात फरक नीट कळत नाही. तोलण्याआधी कापडाने टिपून घ्या, नाहीतर सालीवरचं पाणीही मोजलं जातं.

पुढची पायरी उलट्या दिशेची. १०० मिली गरम पाण्यात १५० ग्रॅम साखर विरघळवून पाक थंड करायचा आणि त्यात फुगलेले बेदाणे टाकायचे. तासा-दोन तासांत पुन्हा सुरकुत्या दिसू लागतात. इथे एक चूक हमखास होते: पाकात सुके बेदाणे टाकले जातात, ते आकसत नाहीत, उलट किंचित फुगतातही, आणि शिकवणारा गोंधळतो. कारण सुक्या बेदाण्याच्या आत साखर पाकाहूनही दाट असते, त्यामुळे पाणी आतच जातं. तसं झालं तर प्रयोग फसला म्हणून लपवू नका. "हा का फुगला?" हाच त्या दिवशीचा सर्वात चांगला प्रश्न होईल.

आणि भिजवलेलं पाणी चाखायला द्या. गोड लागतं. पडद्यातून फक्त पाणी जातं असं आपण सांगतो, मग साखर बाहेर कशी आली? सुकताना पेशींचे पडदे फाटलेले असतात, साल ठिकठिकाणी तडकलेली असते. म्हणूनच फुगलेला बेदाणा पुन्हा द्राक्ष होत नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मुलांच्या जिभेवर येतं. "निवडक्षम पारपटल" (काही जाऊ देणारा, काही अडवणारा पडदा) हा शब्द यानंतर द्या. शब्द जड आहे, पण तोवर त्याला ठेवायला जागा तयार झालेली असते.

कोणी विचारलंच की द्राक्ष उन्हात लवकर का सुकत नाही, तर सालीवरचं मेण दाखवा, नखाने खरवडून. बेदाणा शेडवर लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइलचं द्रावण करून घड बुडवतात, ते त्या मेणातून पाण्याला वाट मिळावी म्हणून.

---

लेणीवाट

सरळव्याज आणि सातवाहन एकाच डोंगरावर आहेत हो! नाशिकच्या पांडवलेणीतल्या दहाव्या लेण्यात सातवाहनांचा शत्रू, क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्यात ठेवीचा हिशेब कोरलेला आहे. गोवर्धन इथल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे (म्हणजे कारागीर संघाकडे) २००० कार्षापण (त्या काळची नाणी), दरमहा शेकडा १ व्याजाने. दुसऱ्या श्रेणीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासाला (पावसाळ्यात एका जागी) राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण कापडासाठी द्यायचे.

फळ्यावर एवढंच लिहा आणि विचारा: "पैसे पुरतात का?" सूत्र देऊ नका. १०० ला महिन्याला १, म्हणजे २००० ला २०, वर्षाला २४०. आणि २० गुणिले १२ पण २४०! हिशेब नेमका जुळतो तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. मग दुसऱ्या ठेवीचं व्याज त्यांना काढू द्या (९० येतं). दोन्ही दर वर्षाचे करायला लावा: द.सा.द.शे. १२ आणि ९. महिन्याचा दर आणि वर्षाचा दर यात मुलं कायम घोळ घालतात, तो इथेच सुटतो. सूत्र शेवटी, त्यांच्याच हिशेबातून.

सातवाहनांसाठी नाणी घ्या. १९०६ साली सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक. सगळी नहपानाची, पण दोनतृतीयांशांहून जास्त नाण्यांवर नहपानाला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप मारलेला. प्रश्न: जिंकलेल्या राजाने शत्रूची नाणी वितळवून नवी का नाही पाडली? खर्च, वेळ, चांदीचं ठरलेलं वजन, आणि नाणं हातात घेणाऱ्या प्रत्येकाला आता राज्य कोणाचं ते कळणं. मुलं हे सगळं स्वतः काढतात.

आता गोष्टींबद्दल, कारण तुम्ही विचारलंय. गोष्ट मुद्द्याला चिकटलेली हवी. पांडवलेणी म्हटलं की पांडवांची कथा रंगवून सांगायचा मोह होतो. वर्ग हसतो, ऐकतो, आणि नंतर पेपरात बौद्ध लेण्यांच्या जागी पांडव लिहून येतो. हार्प आणि मेयर यांनी १९९८ मध्ये विजेच्या पाठावर हेच दाखवलं: वीज कशी तयार होते या मजकुरात वीज पडलेल्या माणसांचे चटकदार किस्से घातले, तर मूळ कारणसाखळी कमी लक्षात राहिली. मजा वरून भुरभुरलेली नको, मुद्द्याच्या पोटातून यायला हवी. एक कसोटी वापरा: गोष्ट काढून टाकली तर मुद्दा समजायला अडतो का? अडत नसेल तर गोष्ट तासानंतर सांगा.

---

सातपूर_गणित

बक्षिसांबद्दल थोडक्यात. १९७३ चा लेपर, ग्रीन, निस्बेट यांचा प्रयोग: आवडीने स्केचपेनने चित्रं काढणाऱ्या बालवाडीतल्या मुलांपैकी काहींना आधी कबूल करून प्रमाणपत्र दिलं. नंतर मोकळ्या वेळात तीच मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रं काढत बसली. अचानक, न सांगता प्रमाणपत्र मिळालेल्यांवर तसा परिणाम झाला नाही. तेव्हा मुलांना जे आधीच आवडतंय त्यावर चॉकलेट लावू नका.

आणि एक स्पष्ट सांगतो, पाढे, संयुजा, मूलद्रव्यांच्या संज्ञा यांत कुतूहल ओढूनताणून आणू नका. सोडियमचं लॅटिनमधलं नाव नेट्रियम सांगितलं की Na ही संज्ञा लक्षात राहते, पण प्रत्येक संज्ञेला अशी कथा नसते. तिथे आनंद "मला येतंय" याचा असतो. दहा प्रश्नांत सात-आठ बरोबर येतील असा संच द्या. दहाच्या दहा आले तर कंटाळा, तीन आले तर वही बंद.

---

गंगापूररोड_शिकवणी

सगळ्यांचे मनापासून आभार. उषवदाताचा हिशेब या आठवड्यातच घेते. दोन शंका आहेत. मुलं अंदाज लिहायला कचरतात, चुकलं तर बाकीचे हसतात. आणि तास रंगला तरी परीक्षेपर्यंत टिकेल का?

---

गोदाकाठ

ताई, अंदाज नाव न घालता चिठ्ठीवर घ्या, गोळा करून तुम्हीच वाचा. मुलांना हेही सांगा की खात्रीने दिलेलं उत्तर चुकलं तर त्याची दुरुस्ती जास्त पक्की बसते. बटरफील्ड आणि मेटकाफ यांनी २००१ मध्ये हे दाखवलं. अट एकच: बरोबर उत्तर लगेच आणि स्पष्ट मिळालं पाहिजे, नाहीतर चूकच मुरते.

टिकण्याबद्दल: नुसतं कुतूहल पुरत नाही. ते दार उघडतं, पण ये-जा राहिली नाही तर वाट बुजते. उजळणी म्हणजे पुन्हा वाचणं नव्हे, वही बंद करून आठवणं. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते (८१ विरुद्ध ७५ टक्के), आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले (५६ विरुद्ध ४२). मुलांची फसगत इथेच होते. वाचल्यावर सगळं येतंय असं वाटतं.

तुमच्या वर्गाला बसेल असं: तासाची शेवटची चार मिनिटं वही बंद, आजचा मोठा प्रश्न आणि त्याचं उत्तर स्वतःच्या शब्दांत. पुढच्या तासाच्या सुरुवातीला त्यावर तीन प्रश्न, आठवड्याने दोन, त्यानंतर परीक्षेच्या अंतराप्रमाणे. ढोबळ हिशेब असा की परीक्षेला जेवढे दिवस आहेत त्याच्या दहा ते वीस टक्के अंतर ठेवावं. परीक्षा दोन महिन्यांवर असेल तर सहा ते बारा दिवसांनी. प्रश्न प्रत्येक वेळी थोडा फिरवा: आज बेदाणा, पुढच्या वेळी मीठ लावलेल्या कैरीला पाणी का सुटतं, त्यानंतर जास्त खत पडलं की रोप का करपतं.

---

पिंपळगावकर

कैरीच्या फोडी पातळ करा, दहा मिनिटांत ताटलीत पाणी दिसतं. त्या दिवशी बेदाण्यासारखं तीन तास आधी भिजवायला नको.