पहिलं घर भाड्यानं द्यायचंय, आधी काय काय बघू?

किल्लीजुडगा:
आम्ही दोघांनी घेतलेलं हे पहिलं घर. ९ वर्षं राहिलो. आता बदली झालीय आणि विकायचं माझ्या अगदी जिवावर येतंय. कर्जाची ११ वर्षं बाकी आहेत. हप्ता १०० धरला तर आजूबाजूच्या घरांना भाडं ११०च्या घरात मिळतं, म्हणजे घर आपला हप्ता आपणच फेडेल, असं नवरा म्हणतो. मला ते इतकं सरळ वाटत नाही.

शिवाय घराच्या खोडी आहेत. बाथरूमचं दार पावसात फुगतं, जरा उचलून ओढलं की लागतं. जिन्यातल्या दिव्याचं बटण दोनदा दाबावं लागतं. आम्हाला सवय आहे, पण नवीन माणसाला कागदावर लिहून द्यावं का? एका खोलीत आमचं सामान कुलूपबंद ठेवायचाही विचार आहे.

जुना घरमालक:
तुमची शंका बरोबर आहे. ११० गुणिले १२ म्हणजे १३२०. पण दोन भाडेकरूंच्या मधे घर रिकामं राहतंच. एकच महिना गेला तरी हातात १२१० येतात आणि हप्ते जातात १२००. उरलेल्या १० मध्ये रंग, गळती, विमा, कर काय काय बसवणार? दुरुस्तीसाठी घराच्या किमतीच्या १ टक्का दरवर्षी बाजूला ठेवावा, असा ढोबळ ठोकताळा आहे. जुन्या घराला तोही अपुरा पडतो.

मात्र हप्त्यातलं मुद्दल हा खर्च नव्हे, ती तुमचीच बचत आहे. तेव्हा थोडी पदरची भर घालावी लागली म्हणून सौदा तोट्याचा ठरत नाही. ती भर किती महिने झेपेल, ते दोघांनी बसून ठरवा.

कर्ज देणाऱ्यांना आणि विमा कंपनीला आधीच कळवा. मालक स्वतः राहतो असं धरून काढलेला विमा भाडेकरू असताना नाकारला जाऊ शकतो. आणि पुढे कधी विकायचं झालं तर राहत्या घराची करसवलत तेव्हा मिळेल का, हे आत्ताच जाणकाराला विचारून ठेवा.

दुसऱ्याच्या घरात:
मी ५ वर्षं अशाच कुणाच्या तरी पहिल्या घरात भाड्यानं राहिले. एक खोली कुलूपबंद होती. मालकीणबाई सामान काढायला म्हणून न कळवता यायच्या, आणि खिडकीत माझी कुंडी दिसली की त्यांचा चेहरा पडायचा. बाई वाईट नव्हत्या हो, त्यांच्या लेखी ते घर अजून त्यांचंच होतं. पण भाडं मी सगळ्या घराचं भरत होते. सामान घेऊन जा. ज्या वस्तूला ओरखडा पडला तर तुम्हाला झोप लागणार नाही, ती तिथे ठेवूच नका.

आणि खोडी लिहून देऊ नका, दुरुस्त करून द्या. दार सुताराकडून तासून घ्या. ते बटण तर आजच दाखवा. आतला जोड सैल असला तर तो तापतो, आग लागू शकते.

किल्लीजुडगा:
काल वायरमन येऊन गेला. बटणामागची तार काळी पडली होती. ९ वर्षं आम्ही लेकराला ‘दोनदा दाब’ म्हणून शिकवत होतो, आठवलं तरी पोटात गोळा येतो. आता सगळ्या घराचं वायरिंग तपासून घेतेय. खोली रिकामी करायला काढलीय. नवऱ्यानं रिकाम्या महिन्याचा हिशेब पाहिला आणि ६ हप्त्यांएवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायला तयार झाला.

एक राहिलं: खोल्यांचे आणि मीटरच्या आकड्यांचे फोटो सही करताना काढायचे की किल्ली देताना?

जुना घरमालक:
किल्ली देताना, दोघांनी मिळून घरभर फिरून. मीटरचे आकडे करारासोबतच्या यादीत लिहा आणि खाली दोघांच्या सह्या घ्या. कुलपं नवीन बसवा, जुन्या किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत ते तुम्हालाही आठवणार नाही.